भरला पेला

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण स्वप्नात असतानाच स्वप्न ओळखणारा या वाळवंटात मी एकटाच! दुपारी तंबूत डोळा लागला, तर समोर मुतलक कॉफी ओततोय. माझा धाकटा भाऊ. माझ्याऐवजी विहीर उपसायला उतरला आणि मेला तो. मी पेला हलवून 'पुरे' सांगितलं, तरी ओततच राहिला, पार काठोकाठ. कुठला जिवंत यजमान असं करतो? तिथंच ओळखलं, हे स्वप्न! आता हललो तर जाग येणार आणि तो पुन्हा जाणार. बोटं भाजत होती, तंबूचे खांब विरघळत होते. श्वास रोखून विचारलं, "माफ केलंस?" "केव्हाच, दादा!" तो हसला. जाग आल्यावर हे सगळं सांगत होतो, तर ऐकता ऐकता पीठ मळणारी त्याची विधवा शम्मा थांबली. "भावजी, थापा पुरे! काठोकाठ पेला आपण 'पी आणि चालता हो' म्हणून देतो. ती माफी तुमच्या पदरची!"