चौथ्या प्रकरणातली मुलगी

पीएचडीच्या खुल्या व्हायवाला एरवी चार-पाच माणसं येतात. तृप्ती गव्हाणेच्या व्हायवाला सभागृह भरलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना ती ओळखतही नव्हती. तिचा प्रबंध वसतिगृहांत राहणाऱ्या ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांवर होता.

सादरीकरण संपलं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ हात जोडून उभे राहिले.

"मॅडम, परीक्षा खुली आहे, म्हणजे बोलायचा हक्क आम्हालाही आहे ना? चौथ्या प्रकरणातली विद्यार्थिनी ओळख लपवून मुलींच्या वसतिगृहात राहते, असं तुम्ही लिहिलंय. तिचं खरं नाव काय?"

"नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय मी. पदवी नाही मिळाली तरी चालेल," तृप्ती म्हणाली.

ती मुलगी आज तृप्तीसाठी म्हणून मुद्दाम आली होती आणि शेवटच्या रांगेत खिडकीशी बसली होती. तृप्तीने तिकडे एकदाही पाहिलं नाही. समोरच्या कागदांवर नजर रोखून ती उभी राहिली. आपण निभावलं असं तिला वाटलं.

"बरं," गृहस्थ म्हणाले, पण खाली बसले नाहीत. ते तृप्तीकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर तिच्या शेजारी बसलेल्या इनामदार सरांवर होती. तिचे मार्गदर्शक म्हणून सर त्या मुलीला दोनदा भेटले होते, आणि आता काळजीने ते शेवटच्या रांगेकडे बघत होते.

गृहस्थ सावकाश मागे वळले. त्यांच्यामागोमाग सगळं सभागृह वळलं.