ओल्या पोत्यांचं घर
आतला पारा आज पुन्हा दोन अंशांनी चढलेला दिसला आणि रूपराव भडकले. भर दुपारी कुणीतरी दार उघडत होतं. गारवा निघून जात होता आणि खोक्यांतल्या कोबीच्या रोपांनी माना टाकल्या होत्या.

नाचणगावात मे महिन्यात कोबीची रोपं जगवायची म्हणजे खायचं काम नाही. ब्याऐंशी साली डेपोतून रिटायर झाल्या झाल्या रूपरावांनी परसात बांबू रोवले, वर मेणकापड ताणलं, त्यावर पोती अंथरली. दर तासाला पोती भिजवायची, दर तासाला पारा वहीत लिहायचा. गावानं त्याला ‘रोपांचा कूलर’ म्हणून हसून घेतलं. आता परवा पुलगावचे भाजीवाले रोपं बघायला येणार होते. हसणाऱ्यांचे दात घशात घालायची वेळ, आणि नेमकं आत्ताच हे!

त्या दुपारी ते झोपलेच नाहीत. निंबाआड दबा धरून बसले. एकच्या सुमारास दार हललं. रूपराव धावले आणि त्यांनी पोतं बाजूला सारलं.

आत खोक्यांच्या मधे त्यांची सून वच्छला बसली होती. मांडीवर बावीस दिवसांचं पोर. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथंच झालं होतं.

"काऊन शिरली आत? माही रोपं जळून राह्यली ना!"

पोर दचकून रडायला लागलं. "चुकलं, मामाजी," एवढंच ती म्हणाली आणि पोराला पदराखाली घेऊन बाहेर पडली. जाताना दार नीट लावलं. फट राहू नये म्हणून खालचं पोतंही सारखं केलं.

रूपराव तावातावानं बायकोकडे गाऱ्हाणं घेऊन निघाले, थेट बाळंतिणीच्या खोलीपर्यंत. पोर जन्मल्यापासून या उंबऱ्याशी ते आलेच नव्हते. वर टिनाचं छप्पर. आतून अशी धग आली की ते पाऊलभर मागे सरले. गोपिकाबाई सुपानं वारा घालत होत्या. पोराची पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती.

"पारा पाहाले आले काय?" गोपिकाबाईंनी मान वर न करता विचारलं.

रूपरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस दिवस त्यांनी वही भरली होती, आणि दहा पावलांवरच्या या खोलीत एकदाही डोकावले नव्हते. ते परसात गेले. एकेक करून सगळी खोकी बाहेर काढली, आत चटई अंथरली आणि परत येऊन खाली मान घालून म्हणाले, "जाय बाई, पोराले घेऊन तिकडं राय. जागा रिकामी केली."

वच्छला दाराशी आली. बाहेर ठेवलेली खोकी तिला दिसली मात्र, पोर सासूच्या मांडीवर देऊन ती तशीच अनवाणी धावली.

"उन्हात काऊन ठेवली, मामाजी? लहान हायेत ना अजून!"