डाव्या खिशातला कांदा

"बाबा, खिशात काय हाय?"

गेटवरच्या पुंडलिकनं मल्हारीच्या बंडीचे खिसे चाचपले. उजव्या खिशातून एक कांदा निघाला. डाव्या खिशातून दुसरा.

"वॉटर पार्कात भेळ करायला आलात का? बाहेरचं खाणं आत चालत नाय."

"खायला नाय रं. ऊन लागू नये म्हणून."

मागं रांगेत कंपनीची माणसं उभी होती. ती हसली. अजिनाथनं मान खाली घातली. चिकलठाण्याच्या कंपनीत कायम झाल्यावरची ही त्याची पहिली सहल. बायको योगिनी आणि पोरगी राजनंदिनी बरोबर होत्या. बापाला एकट्याला फ्लॅटवर कसं ठेवायचं, म्हणून त्यालाही आणलं होतं.

"द्या ना आबा त्यांना. अन् दोन-दोन कशाला लागतात तुम्हाला?"

चार उन्हाळे अजिनाथ हेच विचारत होता. मल्हारीनं कधी सांगितलं नव्हतं. त्यानं उजवीकडचा कांदा पुंडलिकच्या हातात ठेवला आणि डावीकडचा परत खिशात घातला.

"ह्यो माझा होता, घे. त्यो नाय द्यायचा."

पुंडलिकनं एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा रांगेकडं. "जावा. पर साहेबाला दिसू देऊ नका."

आत फरशी तव्यासारखी तापली होती. पोरं एका हौदातून निघून दुसऱ्या हौदाकडं उड्या मारत पळत होती. योगिनीनं पोरीच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला.

"आजोबा, तुम्ही पण चला ना पाण्यात!"

"तू जा बाय. मी चपला राखतो."

तो मागच्या भिंतीच्या सावलीत बसला. सावली हातभर होती. समोर पत्र्याच्या शेडखाली माणसं खेटून उभी होती. त्याला मेंढरं आठवली. भर दुपारी माळावर झाड नसलं, की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून उभी राहतात. कळपाला तेवढी सावली पुरते. एकट्या मेंढराला ती मिळत नाही.

त्यानं डाव्या खिशावर हात ठेवला.

कन्नड तालुक्यातल्या गावात असताना त्याची बायको बानाबाई उन्हाळ्यात रोज सकाळी त्याच्या खिशात कांदा घालायची. खिशावर दोनदा थोपटायची, की त्यानं मेंढरं काढायची. दुष्काळात गावाला टँकर लागला, त्या साली ती पाण्याच्या रांगेतच पडली. घागर भरायची राहिली. मल्हारी तेव्हा मेंढरं घेऊन घाटाच्या अंगाला होता. तो आला तोवर तिला ओसरीवर निजवलं होतं. डॉक्टर म्हणाला, ऊन लागलं. पुढं त्यानं मेंढरं विकली आणि लेकाकडं आला. तेव्हापासून उन्हाळ्यात तो दोन कांदे घेऊन बाहेर पडायचा आणि घरी आल्यावर दोन्ही टोपलीत परत टाकायचा.

भिंतीपलीकडं हॉर्न वाजला. मल्हारी आपोआप उभा राहिला. मागच्या फाटकातून टँकर आत शिरला. इथलंही पाणी टँकरनंच येत होतं.

निळा कोट घातलेली पार्कातली एक कामगार बाई टाकीच्या तोंडाशी जाड पाइप दाबून धरू लागली. तिच्या डोक्यावर छप्पर नव्हतं, नुसतं ऊन.

"रत्नमाला, पाइप सोडू नको बरं का! सगळं पाणी वाया जाईल!" ड्रायव्हर केबिनमधून ओरडला.

अर्धा तास झाला. मल्हारी तिच्याकडंच बघत होता. आधी तिच्या मानेवर घाम होता. मग घाम दिसेना. तोंड उघडं पडलं, मान पुढं ताणली गेली. पडायच्या आधी मेंढी अशीच उभी राहते.

"ए बाय! बस खाली! सोड त्यो पाइप!"

"साहेब ओरडतील, बाबा," ती म्हणाली आणि तिचे गुडघे वाकले.

मल्हारी चपला तिथंच टाकून धावला. पाइप सापासारखा उसळून बाजूला पडला. त्यानं तिला ओढत भिंतीच्या सावलीत आणलं. डोक्याचा पटका सोडला, वाहत्या पाण्यात बुचकळला आणि तिच्या अंगावर पसरला. मग तो थांबला. हात डाव्या खिशात गेला आणि तिथंच राहिला. तिच्या पापण्या मिटत होत्या. त्यानं कांदा बाहेर काढला, दगडावर ठेवून मुठीनं फोडला आणि तिच्या तळपायांना चोळू लागला. त्याच्या गावाकडं असंच करतात. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

पुंडलिक बर्फ घेऊन पळत आला. पार्कची गाडी बोलावली गेली. हौदातून अजिनाथ ओलाच आला. गाडी येईपर्यंत रत्नमालानं डोळे उघडले, पाणी मागितलं.

"मला काय झालं, बाबा?"

"काय नाय. ऊन होतं. आता तू सावलीला हाईस."

गाडी तिला घेऊन गेली. पुंडलिकनं गेटवर घेतलेला कांदा आपल्या खिशातून काढला आणि मल्हारीपुढं धरला. मल्हारीनं तो घेतला, पण खिशात घातला नाही.

अजिनाथ दगडावरच्या फुटक्या कांद्याच्या पाकळ्यांकडं बघत होता.

"आबा, हा तर तुम्ही कुणाला देणार नव्हता."

"तुझ्या आईचा होता त्यो."

"आईचा? म्हणजे कसं?"

मल्हारीनं हातातला कांदा लेकाच्या मुठीत दिला.

"ती गेली त्या दिवशी टोपलीत एकच होता, अजिनाथ. त्यो तिनं माझ्या खिशात घातला."