बारीक बुंदीचा लाडू

"अहो, सरका की बाजूला! रस्ता काय तुमच्या नावावर हाय का?"

दगडाबाईंचा आवाज ऐकून यमुनाबाईंनी पाण्याचे पेले भरता भरता मान वर केली. शर्यतीत विद्यापीठाच्या चढावर मोतीराम पुढे होते आणि काष्टा खोचलेल्या, पायांत लाल बूट घातलेल्या दगडाबाई त्यांच्या पाठोपाठ धापा टाकत येत होत्या.

"जोर असंल तर जा की पुढं, बाई," मोतीराम म्हणाले आणि हळूच डावीकडे सरकले.

सरकले, बरं का! यमुनाबाई गालातल्या गालात हसल्या.

पळण्याची हौस यमुनाबाईंना साठीनंतर लागली. त्यांच्या तरुणपणी औरंगाबादेत बाई पळताना दिसली, की लोक विचारायचे, "काय झालं? एसटी चुकली?" आता गुडघ्यांनी तक्रार केल्यापासून त्या पळणाऱ्यांना पाणी द्यायच्या, पण त्यांच्या गटाबरोबर शर्यतीच्या गावाला मात्र हटकून जायच्या. सातारा, नाशिक, जालना, काही सोडलं नव्हतं. लग्नं जमवायची हौस त्याहून जुनी. उस्मानपुऱ्यापासून सिडकोपर्यंत किती तरी घरांत त्यांनी सुना आणि जावई पोचवले होते. या सत्तरीच्या जोडीवर तर वर्षभर त्यांचा डोळा होता.

मोतीराम सिडकोत राहायचे. "थोरल्याकडं असतो, एकटा जीव," असं म्हणायचे. दगडाबाई शर्यतीपुरत्या गंगापूरहून यायच्या. "धाकट्याकडं असते. पोरगा गुणाचा हाय," एवढंच सांगायच्या. कपाळावर हिरवं गोंदण, गळा मोकळा. यमुनाबाईंनी काय समजायचं ते समजून घेतलं. असल्या गोष्टी का कुणाला विचारायच्या असतात?

साताऱ्याला जाताना घाटात बसमध्ये गार वारं यायला लागलं, तेव्हा मोतीराम आपल्या जागेवरून उठले आणि दगडाबाईंच्या शेजारची काच लावून आले.

"बाधतं त्यांना वारं," ते म्हणाले.

"तुम्हाला हो कसं कळलं?" यमुनाबाईंनी विचारलं.

"तोंडावरून दिसतंय की," म्हणत मोतीरामांनी डोळे मिटले आणि लगेच घोरायलाही लागले. इतक्या लगेच कुणी घोरत नाही, हे यमुनाबाईंना चांगलं ठाऊक होतं.

नाशिकला पदकाबरोबर लाडू वाटले. दगडाबाईंनी स्वतःचा खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला. "तो बारीक बुंदीचा द्या की अजून एक."

"मोतीचूर का?"

"तोच. बारीक बुंदीचा."

"अहो, मोतीचूर म्हणतात त्याला. म्हणा बघू!"

"असू द्या की. खायाशी मतलब," दगडाबाई हसून म्हणाल्या.

शब्द जिभेवर बसत नसेल, यमुनाबाईंना वाटलं. लाडू घेऊन दगडाबाई थेट मोतीरामांपाशी गेल्या. "अहो, धरा. मला जास्त होतोय."

मागून घेतलेला लाडू जास्त होतोय! त्याच दिवशी यमुनाबाईंनी मनाशी पक्कं केलं. फक्त चांगला मुहूर्त बघायचा होता.

तो बघायला आता वेळच उरला नव्हता. आज सकाळी शर्यत सुटण्याआधी सोनेरी महालापाशी बुटाचे बंद बांधता बांधता दगडाबाई म्हणाल्या होत्या, "ही माझी शेवटची शर्यत. धाकटा चाकणला चाललाय, कंपनीत. मला बी नेतोय."

"आणि पळणं?"

"तिथं कुठलं आलं पळणं!"

मोतीराम शेजारीच उभे होते. ते आपले बांधलेलेच बंद सोडून पुन्हा बांधत बसले.

यमुनाबाई शर्यत संपायच्या कमानीपाशी पोचल्या, तेव्हा शेवटच्या वळणावर दोघं बरोबर दिसले. दगडाबाई नेहमीसारख्या मधूनच कमरेची पिशवी चाचपत होत्या. मिश्रीची डबी असणार, असा यमुनाबाईंचा जुना अंदाज होता. कमान जवळ आली आणि मोतीराम एकदम थांबून बूट झाडू लागले. दगडाबाई पुढे गेल्या.

"हरले की नाय!" त्या कमानीखालून ओरडल्या.

"खडा गेला होता, बाई!"

पदकं गळ्यात पडली. यमुनाबाईंनी दोघांना पोह्यांच्या रांगेतून ओढून लिंबाखाली नेलं.

"हे बघा, मला आडवळणानं बोलता येत नाही. तुम्ही दोघं लग्न करा."

मोतीरामांना पाण्याचा ठसका लागला.

"हसण्यावारी नेऊ नका. या वयात सोबत लागते. मुलांशी मी बोलते. माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, तिथं राहा. चाकण नको न् काही नको. रोज सकाळी दोघं मिळून पळा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"खोल्यांचं खरं हाय?" दगडाबाईंनी हळूच विचारलं.

"अगदी खरं."

"चूल येगळी मांडता येईल?"

"वर स्वयंपाकघर आहे की. गॅससुद्धा आहे."

"पोरं काय म्हणतील?" मोतीराम पुटपुटले.

"म्हणू द्या. लई ऐकलं त्यांचं," दगडाबाई म्हणाल्या आणि एकाएकी हसत सुटल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पदरानं पुसून त्यांनी कमरेच्या पिशवीत हात घातला. डबी नव्हतीच. पिशवीतून काळ्या मण्यांची दुपदरी पोत निघाली. दगडाबाईंनी ती पदकाच्या फितीवरून गळ्यात घातली.

"पळताना टोचती म्हणून काढून ठेवते," त्या म्हणाल्या. "यमुनाबाई, खोल्या आम्ही घेतो, पण लग्नाचं राहू द्या. ते बहात्तरच्या दुष्काळातच उरकलंय. पोरांनी वाटणी केली, तवा हे थोरल्याच्या वाट्याला गेले अन् मी धाकट्याच्या."