निळा नंदी

“बैल कधी निळा असते का बे?”

तान्हा पोळा आला, पोरांनी लाकडी नंदी सजवायला घेतले, की कौसल्याबाईंना गेलेल्या नवऱ्याचा तो आवाज ऐकू येतो. लेकाने लहानपणी आपला नंदी जवसाच्या फुलासारखा निळा रंगवला होता. बापाने त्यावर पांढरा रंग फासला, शिंगं सोनेरी केली. पहिलं बक्षीस मिळालं. पोराने ते हातात धरलं नाही आणि पुढे कधी कुंचलाही धरला नाही.

आज त्याच लेकाची लेक अंगणात बसून नंदी रंगवत होती. अंग जांभळं, पोटावर पिवळे मासे. तिचं तिलाच हसू येत होतं.

“मासे? बैलाच्या पोटावर?” म्हणत तिच्या बाबाने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. पोरीचं हसू थांबलं.

कौसल्याबाईंनी लेकाचं मनगट धरलं.

“आई, सोड. स्पर्धा आहे तिची.”

“तुझीही होती. तेव्हा तुझ्या बापापुढे तोंड उघडलं नाही मी. राजा, तुझा निळा नंदी फार देखणा होता रे.”