काढून टाकलेली शाखा

येरवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी मदतीच्या पानांची भाषा सुधारायला जात असे. आयुष्य मुद्रितशोधनात गेलेले. संगणकातले मला फारसे कळत नव्हते. कामाची नको असलेली शाखा, म्हणजे प्रोग्रामची बाजूला काढलेली वेगळी प्रत, काढून टाकण्याचा एक आदेश होता. त्याखाली मी लिहिले, 'काढलेली शाखा परत मिळत नाही.'

तिथल्या राकेशने ते वाचले आणि माझ्या खांद्यामागे पाहिले. मागे नुसती भिंत होती.

पलीकडच्या टेबलावरच्या नम्रतानेही त्याच वाक्याशी थांबून तिथेच पाहिले. वाक्यच बोचत असावे, चूक माझीच, असे वाटून मी शब्द बदलत राहिलो. वाचणारे तरीही तिकडेच बघत.

शेवटी आम्रपालीला विचारले. मदतीच्या पानांचे सगळे काम तिच्याकडे होते.

"काका, मुळात हे खरंच नाही. डिलीट केलेली ब्रांच परत आणता येते. काही दिवस ती असतेच, फक्त दिसत नाही."

"असतेच?"

"हो. आणि लोकांना घाबरवता कशाला? आधीच मदतीचं पान कोणी वाचत नाही."

माझी पत्नी नंदा गेली, त्याला वर्ष होत आले होते. मी आधीचे वाक्य खोडले. मग लिहिले, 'काढलेली शाखा परत आणता येते.'

आम्रपालीने वाचून मान डोलावली. या वेळी तिची नजर भिंतीकडे गेली नाही, माझ्या अगदी शेजारी थांबली. ती लगबगीने उठली आणि स्वतःची खुर्ची तिथे सरकवली.

"बसा ना, काकू," ती म्हणाली.