बारावं चाक

श्रद्धाने पाकीट फोडलं, चाकं स्टीलच्या ताटलीत ओतली आणि चिमट्यानं एकेक बाजूला सारत मोजली.

"अकराच हायेत, मामाजी."

तिच्या सासऱ्यांनी, चिंतामणरावांनी, चष्मा काढून कपाळ चोळलं. मेहकरच्या आगारात त्यांनी एकतीस वर्षं एसटीच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. स्पेअर पार्टची वाट पाहण्यात जिंदगी गेली, असं ते स्वतःच हसून सांगत. पण या वीतभर प्लास्टिकच्या रणगाड्यानं त्यांना पार मेटाकुटीला आणलं होतं. आधी खोक्यात वरचं झाकणच नव्हतं. ते मागवलं, तर तोफेची नळी नाही. नळी आली, तर आता चाक.

"फोन करतो त्या पुण्याच्या दुकानदाराले," ते म्हणाले. "काय झोपेत डबे भरते का काय तो."

"करा," श्रद्धा म्हणाली. ती कधी चिडत नसे. ताटली झाकून ती नेहमीप्रमाणे देवेशचा फोटो पुसायला गेली. ते काम ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

देवेश, तिचा नवरा, सैन्यात रणगाड्यावर होता. शेवटच्या सुट्टीत येताना त्यानं पुण्याहून हे खोकं आणलं, बापाला बाजूला बसवून निम्मं जोडलं, आणि उरलेलं पुढच्या खेपेला, असं सांगून गेला. दोन वर्षांपूर्वी राजस्थानात त्याची जीप उलटली. खोकं माळ्यावर राहिलं.

ते खाली काढलं श्रद्धानेच. दिवाळीनंतर तिचा भाऊ भगवानराव चिखलीहून आला होता. त्यानं तिच्यासाठी एक स्थळ आणलं होतं. शाळेत मास्तर, बायको वारलेली, माणूस निर्व्यसनी. स्थळ बघायला चिंतामणरावांनीच त्याला सांगितलं होतं. सत्तावीस वर्षांच्या पोरीनं सासरच्या दोन म्हाताऱ्यांपायी जन्म काढावा, हे त्यांना पाप वाटे. सासूनं, शारदाबाईंनी, मात्र ते ऐकून पदर तोंडाला लावला होता. श्रद्धा खाली मान घालून एवढंच म्हणाली, "यांचा रणगाडा पुरा होऊ द्या. मग जाईन."

तो होकारच आहे, असं सगळ्यांनी धरलं.

दुपारी ओसरीवर सासरा-सून जोडायला बसत. चिंतामणरावांना मोतीबिंदू. जोडणीच्या नकाशावरचे बारीक आकडे ती वाचायची, कुरिअरचं पाकीट तीच फोडायची. ते कानशीनं घासत आणि गोंद लावत. कधी देवेशच्या लहानपणीच्या खोड्या निघत, कधी आदल्या दिवशीच्या कीर्तनातला दृष्टांत. शारदाबाई चहा आणून ठेवत आणि थोडा वेळ उंबऱ्यावर टेकत.

आठ दिवसांनी पुण्याहून पाकीट आलं. त्यात चाक नव्हतंच, नुसता कागद. या वेळी चिंतामणराव फोनवर तोंडाला येईल ते बोलले. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोनवर एक फोटो पाठवला. पाकीट बंद करण्याआधी काढलेला. पाकिटावर त्यांचंच नाव, आणि वर ठेवलेलं हिरवं चाक.

"काका, तुमची पहिली तक्रार आली तेव्हापासून मी फोटो काढूनच पाठवतो," तो म्हणाला. "पहिल्या खोक्यातही झाकण, नळी, सगळं होतं."

चिंतामणरावांनी फोन ठेवला. काल-परवाच शारदाबाई ते खोकं उघडून बसल्या होत्या आणि त्यांना पाहताच घाईनं झाकून उठल्या होत्या, हे त्यांना आठवलं. ते कोणालाच काही बोलले नाहीत. माय आहे. सून गेली की लेक दुसऱ्यांदा गेल्यासारखंच होणार तिला.

बालाजीच्या देवळात सप्ताह चालू होता. संध्याकाळी बुवांनी वासराचा दृष्टांत घेतला. टाळ थांबवून ते म्हणाले, "दावं बांधायले कोणालेही येते, माऊली. सोडायले मायेचा हात लागते." चिंतामणरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

सकाळी आंघोळ करून त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ उतरवली, कपाळाला लावली आणि तिचा एक मणी सोडवला. पोथीपुढे हात जोडून मग तो कानशीवर चपटा केला, हिरवा रंगवला. दुपारी श्रद्धा बाहेर आली तेव्हा रणगाडा पाटावर उभा होता, बाराही चाकांवर.

तिनं वाकून एकेक चाक पाहिलं. मग तिनं त्या चाकाला बोट लावलं. "हे कंपनीचं नाही, मामाजी."

"फिरते ना?"

"हो."

"मग झालं. भगवानरावले निरोप धाडतो."

तिनं आतल्या फोटोकडे पाहिलं. म्हणाली, "फोटो कोण पुसन आता?"

"मी पुसीन ना, पोरी."

रविवारी भगवानराव गाडी घेऊन आला. श्रद्धानं देवाला, दोघांना नमस्कार केला. फोटोसमोर गेली नाही. शारदाबाईंनी ओटी भरली. गाडी वळेपर्यंत दोघं म्हातारे फाटकात उभे होते.

सोमवारी सकाळी चिंतामणरावांनी फोटो खिळ्यावरून उतरवला आणि मांडीवर घेऊन पुसायला बसले. शारदाबाई चहा ठेवून तिथंच टेकल्या.

"एक विचारू? माळ काऊन मोडली? लपवलेलं चाक काढूनच लावाचं होतं."

"कोणं लपवलं?"

"तुम्हीच. पोरगी जाऊ नये म्हणून. खोकं दोनदा धुंडाळलं म्या, सापडलं नाही."

चिंतामणरावांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला. "शारदे, मी त तुलेच म्हणत होतो."

फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यात कागदाची पुडी खोचलेली होती. देवळातल्या बुक्क्याची असेल म्हणून त्यांनी ती तळहातावर उलटी केली. एक झाकण, एक नळी, दोन हिरवी चाकं.